हे तोंडी सांगावे

जिन्नोजो म्हाताऱ्याने ग्रंथ करायला घेतला खरा, पण त्याचा हात असा कापायचा की शाई कागदाऐवजी मांडीवर पडे. म्हणून लिहिण्याचं काम सुनेच्या गळ्यात आलं. खरं तर हे हेरगिरीचं शास्त्र बाईमाणसाच्या कानावर पडू द्यायचं नाही, असा आमच्या इगाच्या खोऱ्यातला जुना दंडक. पण दंडक पाळायलाही घरात माणसं लागतात. त्या घरात सासरा आणि सून असे दोनच जीव. तिसरा, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा इसाकू, बारा वर्षांपूर्वी एका धुक्याच्या सकाळी पाठीला गाठोडं बांधून घाट चढून गेला, तो गेलाच.

मग म्हाताऱ्याने तोड काढली. देवळातून शपथेचा, कावळ्यांच्या ठशांचा कागद आणला, त्यावर सुनेकडून शपथ लिहून घेतली, कागद जाळला आणि राख पाण्यात कालवून तिला पाजली. शपथ अशी, की ओमिनेने फक्त लिहायचं, समजून घ्यायचं नाही.

"म्हणजे भात शिजवायचा पण वास घ्यायचा नाही, असंच ना मामंजी?" तोंड पुसत ओमिने म्हणाली.

"असंच. आणि तोंड कमी चालव, कुंचला जास्त."

बाहेरगावचे लोक शिनोबी म्हटलं की काय वाट्टेल ते बोलतात. भिंतीतून आरपार जातो म्हणे, धूर होऊन उडतो म्हणे. अहो, धूर व्हायचं असतं तर शेत कुणी नांगरलं असतं? शिनोबी म्हणजे चार माणसांत उठून न दिसणारा पाचवा. जिन्नोजो जन्मभर शेतकऱ्यासारखा दिसला आणि वर्षातले अकरा महिने शेतकरीच होता. उरलेल्या महिन्यात धन्याचा हुकूम आला की तो कुठेतरी जायचा आणि परत येऊन पुन्हा मुळ्यांना पाणी घालायचा. आता मात्र लढाया संपून पिढी उलटली होती. ज्यांना हे शास्त्र येत होतं ते एकेक करून डोंगराकडेच्या थडग्यांत जाऊन पडले होते. राहिला तो एकटा. त्या उन्हाळ्यात त्याच्या पायांवर सूज चढली, तेव्हा त्याने स्वतःच ओळखलं की आता लिहून ठेवलं नाही तर राहिलं.

रोज सकाळी शेतावरचं धुकं पडवीपर्यंत यायचं. म्हातारा खांबाला टेकून डोळे मिटायचा आणि झोपेत बोलल्यासारखा सांगत सुटायचा.

"लिही. घंटेचा आवाज पोचत नसेल तिथे वेळ बघायला मांजर धरावं. भर दुपारी त्याच्या डोळ्यातली बाहुली सुईएवढी होते, दिवस कलला की गोल. लिहिलंस? आता, परक्या घरात शिरायचं तर डबीतून रातकिडे न्यावेत. ते ओरडू लागले की पावलं ऐकू येत नाहीत. मात्र घरात शिरण्याआधी आतला माणूस झोपलाय की सोंग करतोय ते ओळखावं. खरं घोरणं वेडंवाकडं असतं. अडतं, दचकतं, मध्येच बंद पडतं. सोंगाचं घोरणं एका तालात चालतं. आणि सोंगाड्याला थुंकी गिळावी लागते, झोपलेल्याला नाही."

"मामंजी, तुम्ही फार घोरता. खरं की सोंग?"

"तुला समजून घ्यायचं नाहीये. पुढे लिही. डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. डोळा हा सगळ्यात लबाड साक्षीदार. जे डोळ्यांना दिसेल ते जिभेने, नाकाने, बोटांनी पुन्हा विचारून घ्यावं." मग तिच्याकडे बघून तो म्हणाला, "आणि आज पुन्हा काळे कपडे? घरात कुणी मेलंय का?"

"निळेच आहेत. नीळ चढवून मीच रंगवलेत."

"तेच ते," म्हातारा म्हणाला. ओमिने हसली आणि पुढे लिहू लागली.

लिहिता लिहिता सकाळ विरघळून जायची. तिला कधीकधी वाटायचं की आपण लिहीत नाही आहोत, कुणाच्या तरी स्वप्नातून हळूहळू चालतो आहोत आणि पायाखाली रातकिडे ओरडताहेत. फक्त एका गोष्टीने तिला ठेच लागायची. प्रकरण रंगात आलं, आता खरी मेख सांगणार, असं वाटलं की म्हातारा थांबायचा आणि म्हणायचा, "इथे लिही, हे तोंडी सांगावे."

ही आमच्याकडची रीतच. ग्रंथ चोरीला जाऊ शकतो, म्हणून जीव ग्रंथात ठेवायचा नाही. जीव बापाने मुलाच्या कानात सांगायचा. कागदावर दार असतं, किल्ली नसते. ओमिनेने तोवर असं एकवीस वेळा लिहिलं होतं आणि एकविसाव्या वेळेलाही तिला कसलाच राग आला नव्हता. राग आला तो बाविसाव्या वेळी.

त्या दिवशी म्हाताऱ्याने 'चंद्रातला माणूस' हे प्रकरण काढलं.

"चंद्रात एक माणूस राहतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. सगळे त्याला बघतात. पण तो कुठला, कुणाचा, कुणी विचारत नाही. तसा एक माणूस दुसऱ्या धन्याच्या गावात आधीच, काही भांडणतंटा नसताना, नेऊन पेरावा. त्याने तिथे धंदा करावा, शेजार करावा, सणाला नाचावं, लोकांच्या मयतीला रडावं. वर्षानुवर्षं नुसतं बघावं. बोलावणं आल्याखेरीज परत येऊ नये. आई मेली तरी नाही, घर जळालं तरी नाही."

ओमिनेचा कुंचला कागदावरच थांबला आणि शाईचा डाग मोठा होत गेला. 'कामावर गेलाय' एवढंच तिला बारा वर्षं सांगण्यात आलं होतं. शेजारच्या ओतोरा मावशी विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणायच्या, "अगं, गेलेला नवरा आणि सांडलेला चहा, दोन्ही भांड्यात परत येत नसतात. तू अजून तरुण आहेस." ती घागर उचलून निघायची. लग्नानंतर एकच वर्ष मिळालं होतं तिला. त्या वर्षातलं आता फार थोडं हाताला लागायचं. तिच्या गवती वहाणांचे बंद नेहमी सुटायचे, ती रस्त्यात खाली बसून ते बांधायची, आणि इसाकू मागे उभा राहून मुद्दाम खोकायचा. तो खोकला तिला चेहऱ्यापेक्षा जास्त आठवायचा.

"बोलावणं कसं धाडतात?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने तिच्याकडे न बघता सांगितलं. "वर्षातून दोन वेळा दिवस आणि रात्र सारखे होतात. लोक पितरांच्या थडग्यांवर जायला निघतात, रस्ते भरून वाहतात, कोण कुठला कुणी विचारत नाही. त्या आठवड्यात, वसंतात नाहीतर शरदात, ठरल्या जागी रंगवलेले तांदूळ मांडावेत. रंगवलेल्या दाण्याला पाखरं शिवत नाहीत. चंद्रातला माणूस दोन्ही वेळा येऊन बघतो. दाण्यांचा क्रम म्हणजेच निरोप. तो क्रम..." त्याने बोटाने कागद दाखवला. "इथे लिही, हे तोंडी सांगावे."

"कुणाला सांगावे, मामंजी?"

"मुलाला."

"मुलगा चंद्रात बसलाय. आणि त्याला क्रम ठाऊकच असणार. बोलावणाऱ्याला कोण सांगणार? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्याला बोलावेल कोण?"

"पोरी, मी बापाला शब्द दिलाय. माझ्या बापाने त्याच्या बापाला. मुलगा, नाहीतर कुणीच नाही."

"आणि तो तिथेच म्हातारा होऊन मेला तर?"

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. पडवीखाली धुकं विरत चाललं होतं. ओमिनेने कुंचला धुतला, शाईची वाटी उचलली आणि ती आत गेली. त्या दिवशी तिने मिसोच्या कढणात मीठ एवढं टाकलं की म्हातारा दोन वाट्या पाणी प्यायला, पण त्याने तक्रार केली नाही.

त्यानंतर म्हातारा झपाट्याने खचला. सूज गुडघ्यांवर आली. लिहिणं रोज थोडं थोडं कमी होत गेलं. ओमिने त्याचे पाय शेकायची, पेज भरवायची आणि मनातल्या मनात एकच गोष्ट घोकायची, की या माणसाच्या तोंडात चार शब्द आहेत, आणि हे तोंड कायमचं मिटलं की माझा नवरा त्या डोंगरापलीकडे कायमचा राहणार. तिला सासऱ्याची माया होती. त्याचा रागही येत होता. दोन्ही मनात घेऊन त्याच हाताने ती त्याचे पाय शेकत होती.

शरदातला तो आठवडा जवळ येत चालला. बांधावर लाल फुलांचे कोंब जमिनीतून वर निघाले होते.

एके दुपारी जेवण झाल्यावर म्हातारा पडवीत भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. ओमिने जवळच बसून शेंगा सोलत होती. ऊन मऊ होतं, कुठेतरी कुणी कांडण करत होतं, आणि तिलाही गुंगी येऊ लागली होती. म्हातारा घोरायला लागला. मग घोरता घोरता बोलायला लागला.

"तांबडा, निळा, पिवळा, निळा. म्हणजे परत ये."

ओमिनेच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तांबडा, काळा, पिवळा, काळा. म्हणजे जागचा हलू नकोस, तुझ्यावर डोळे आहेत."

पुन्हा घोरणं. ओमिने श्वास धरून ऐकत होती. घोरणं त्या कांडणासारखं तालात चाललं होतं. एकदाही अडलं नाही, दचकलं नाही. आणि मग तिने स्पष्ट बघितलं, की म्हाताऱ्याच्या सुरकुतलेल्या गळ्यावरची घाटी वर गेली आणि खाली आली. त्याने थुंकी गिळली होती.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बापाला दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि सुनेला रिकाम्या हाताने सोडायचंही नाही, म्हणून हा माणूस झोपेचं सोंग करून पडला होता. आणि सोंग कसं ओळखायचं हे त्याने तिच्याच हातून लिहून घेतलं होतं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला जागं व्हावं लागलं असतं.

"चुलीवरच्या आढ्याला धुराने काळे झालेले बांबू आहेत," झोपलेला माणूस सांगत होता. "त्यातल्या दोन नळ्या पोकळ. डावीकडचीत निळे, उजवीकडचीत काळे. नळीवर खूण करायची नसते, खूण म्हणजे पुरावा. तांबडे-पिवळे माझ्या औषधाच्या डबीत. जागा, घाटापलीकडचं किल्ल्याचं गाव, छत्रीवाल्यांच्या आळीच्या तोंडाशी वाटसरूंच्या देवाची, जिझोबाची मूर्ती आहे, तिच्या डाव्या पायाशी."

मग बराच वेळ तो नुसता घोरला. ओमिनेला वाटलं, संपलं. पण पुढचं बोलताना त्याचा आवाज बदलला होता आणि सोंगातला तालही सुटला होता.

"सीमेचा तंटा मिटून सात वर्षं झाली. धन्याने तेव्हाच सांगितलं, तुझा माणूस बोलावून घे. मी एकदाच रंग केले, सात वर्षं पुरवले. सात वसंत झाले, दर वसंतात जाऊन 'परत ये' मांडून आलो. आला नाही. त्याने तिथे घर केलं असणार. सुनेला कोणत्या तोंडाने सांगू? वाट बघते आहे तोवर निदान तिला नवरा आहे."

ओमिने उठली आणि अनवाणीच शेतात गेली.

सात वसंत. 'देवाला जाऊन येतो' म्हणून तो निघायचा आणि तीच त्याला वाटेसाठी भाताचे गोळे बांधून द्यायची, आत आंबट बोर घालून, वरून समुद्रशेवाळाचं पान गुंडाळून. स्वतःच्या नवऱ्याचा नकार आणायला सासऱ्याला तिनेच शिदोरी दिली होती. ती मुळ्यांच्या वाफ्यात बसली आणि बोटाएवढे मुळे एकेक करून उपटत गेली. अर्धा वाफा उपटून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत. बारा वर्षं तिने गावाचे टोमणे ऐकले ते तो येणार म्हणून. त्याला बोलावणं मिळत होतं आणि तो येत नव्हता, हे कळल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा खरोखर झोपल्यावर तिने चुलीवर चढून त्या दोन नळ्या काढल्या. तिच्या मनात त्या सरळ विस्तवात घालायच्या होत्या. पण जाळण्याआधी बघावं तरी, ज्या दाण्यांना माझा नवरा नाही म्हणाला ते दिसतात कसे, म्हणून तिने डावीकडच्या नळीचं बूच काढलं आणि तळहातावर नळी उलटी केली.

तळाशी उरलेले पाच-सहा दाणे हातावर पडले. काजळीसारखे काळे.

तिला वाटलं, डावं-उजवं आपलंच चुकलं. तिने दुसरी नळी उघडली. ती तोंडापर्यंत भरलेली होती, एक दाणाही कधी काढलेला नव्हता. आणि ते सगळे दाणे तिच्या अंगावरच्या कपड्यांसारखे निळेशार होते.

ओमिनेने दाणे उजेडाकडे धरले. 'आज पुन्हा काळे कपडे?' असं म्हातारा विचारायचा ते तिला आठवलं. तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू कधीचा उतरला होता आणि निळ्या-काळ्यातला फरक कधीच पुसला गेला होता. नळीवर खूण करायची नाही. रंग दुसऱ्या कुणाला दाखवायचे नाहीत. क्रम कुणाला सांगायचा नाही. मग चूक दाखवणार कोण? सात वसंत या माणसाने थकल्या पायांनी तीन दिवसांचा घाट तुडवला आणि दरवेळी स्वतःच्या मुलाला सांगून आला, की हलू नकोस, तुझ्यावर डोळे आहेत.

आणि मुलगा हलला नाही.

ती आधी हसली की आधी रडली, ते तिला नंतर आठवलं नाही. एवढंच आठवलं की म्हातारा जागा झाला तेव्हा ती त्याच्यासमोर दोन्ही मुठी उघडून बसली होती.

"काय आहे यात?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगा. निळे कुठले, काळे कुठले?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून बघितलं. "तुला हे कुणी सांगितलं? मी काही सांगितलेलं नाही."

"नाही मामंजी. तुम्ही झोपला होतात."

"बरं." त्याने मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि तिच्या डाव्या मुठीवर बोट ठेवलं. "हे निळे."

ओमिनेने मूठ तशीच उघडी धरली. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा मुठीकडे बघितलं. मग त्याने डाव्या मुठीतला एक दाणा उचलून जिभेवर ठेवला. लोखंडाच्या काळ्या रंगाची तुरट चव त्याच्या ओळखीची होती. त्याने तो थुंकला आणि उजव्या मुठीतला चाखला. त्याला गवताची चव होती, निळीची. दाणा त्याने तोंडात तसाच धरला.

"डोळ्यांवर भिस्त ठेवू नये," शेवटी तो म्हणाला. "हे कुणी लिहिलंय गं?"

"मीच लिहिलंय. तुम्ही सांगितलंत."

"गाढव आहे सांगणारा." त्याचा आवाज फुटला. "मी त्याला सात वर्षं शिव्या दिल्या, सूनबाई. चालता चालता, प्रत्येक वळणावर. बाईत गुंतला म्हटलं, बापाला विसरला म्हटलं. आणि तो पोरगा दरवर्षी तिथे येऊन माझं वाचून निमूट मागे जात होता. माझाच मुलगा तो. शास्त्र पाळणारा. मी त्याला नको इतकं चांगलं शिकवलं."

ओमिनेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्यावर रागवायचं तिने सकाळपासून ठरवलं होतं, पण हाताखाली नुसती हाडं लागली आणि राग कुठे गेला ते तिला कळलं नाही.

मग त्याने नाक पुसलं आणि ग्रंथ आणायला सांगितला. 'चंद्रातला माणूस' काढायला लावलं. जिथे शाईचा डाग होता, तिथे 'हे तोंडी सांगावे' याच्यापुढे त्याने आणखी एक ओळ घालायला लावली. 'रंग मांडण्याआधी घरातल्या कुणा तरुण डोळ्यांना दाखवावेत, मग ते डोळे बाईचे का असेनात.'

"शपथेचं काय?" ओमिनेने विचारलं.

"बापाला मी वर गेल्यावर समजावतो. तू उद्या नीघ. वेश कुठलाही घेऊ नकोस, थडग्यावर निघालेल्या बाईसारखी दिसतेस तशीच जा. दाणे मांडलेस की तिथे कुणाशी बोलायचं नाही. तो तुला दिसला तरी ओळख द्यायची नाही. परतणारा माणूस सीमेचा दगड ओलांडेपर्यंत कुणाबरोबर चालत नाही, कुणाशी बोलत नाही. समजलं?"

"समजून घ्यायचं नाही असं ठरलंय ना?"

"आता घे," म्हातारा म्हणाला. "आणि त्याला सांग, मी मरत नाही इतक्यात. बाविसाच्या बावीस गोष्टी सांगायच्या राहिल्यात."

ओतोरा मावशींना म्हाताऱ्याच्या पेजेचं सांगून ओमिने निघाली. वाट लाल फुलांनी पेटल्यासारखी झाली होती. माणसं पाण्याच्या बादल्या, उदबत्त्या, लेकरं घेऊन आपापल्या मेलेल्यांकडे चालली होती आणि तीही त्यांच्यातलीच एक होती. तीन दिवस ती स्वप्नात असल्यासारखी चालली. वहाणेचे बंद सवयीने सुटायचे, ती खाली बसून बांधायची, आणि मागे कुणी खोकत नाही याची दरवेळी नव्याने आठवण व्हायची.

छत्रीवाल्यांच्या आळीच्या तोंडाशी जिझोबा होता. दगडी, गोल चेहऱ्याचा, गळ्यात लाल लाळेरं. तिने हात जोडले, वाकली आणि त्याच्या डाव्या पायाशी चार दाणे मांडले. तांबडा, निळा, पिवळा, निळा. मग समोरच्या चहाच्या टपरीत बसून ती लाल घेवड्याच्या पुरणात घोळवलेले भाताचे गोळे खाऊ लागली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. टपरीवालीने विचारलं, "कुणी यायचंय का?" तिने नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर कागदी छत्र्यांची मोळी घेतलेला एक माणूस आळीतून आला. केस पांढरे व्हायला लागलेले, हातांना डिंकाचे डाग. दोन दारांपलीकडून एक लहान मुलगी "काका, माझी छत्री?" म्हणून ओरडली, तर तो म्हणाला, "तुझी उद्या, रडूबाई." ओमिनेला तो आवाज ओळखीचा वाटला आणि वाटला नाहीही. त्याने मोळी खाली ठेवली, जिझोबावर पाणी घातलं, लाळेरं सारखं केलं. मग त्याची नजर खाली गेली आणि हात हवेतच राहिला.

तो उकिडवा बसला. त्याने एक निळा दाणा उचलला आणि जिभेला लावला. मग दुसरा.

ओमिनेने चहाची वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. चारही दाणे मुठीत घेऊन तो उभा राहिला. त्याची नजर रस्त्यावरून, टपरीवरून, तिच्यावरून फिरली आणि कुठेही थांबली नाही. मोळी उचलून तो आला तसा परत आळीत गेला. त्याने ओळखलं की नाही, येणार की नाही, तिला काहीही कळलं नाही. तो येईल, अशी शपथ कुणीच प्यायलेलं नव्हतं. बारा वर्षांत माणसाला छत्र्याही आवडू लागतात, आळीतली पोरंही. तिने टपरीवालीचे पैसे दिले आणि घाटाची वाट धरली.

पहिल्या दिवशी मागे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी घाटात धुकं उतरलं आणि पुढची झाडं मागची झाडं एक झाली. तिला मागून पावलं ऐकू आल्यासारखी वाटली. मनाचे खेळ, ती स्वतःशी म्हणाली. पण ग्रंथात तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की कुणी पाठीवर आहे का बघायचं तर वळून बघू नये, वहाणेचा बंद बांधायला बसावं. ती बसली. पावलं थांबली.

ती उठून चालू लागली. पावलं चालू लागली. थोड्या वेळाने ती पुन्हा बसली. पावलं पुन्हा थांबली. सीमेचा दगड अजून अर्ध्या कोसावर होता आणि वळून बघायचं नव्हतं. ती तिसऱ्यांदा बसली, चौथ्यांदा बसली, नुसती ती पावलं थांबताना ऐकायला. बंद तर केव्हाचे पक्के बांधलेले होते.

पाचव्यांदा ती बसली तेव्हा धुक्यात, दहा-बारा पावलांवर, कुणीतरी मुद्दाम खोकलं.

"बंद नीट आहेत तुझे," तो म्हणाला, सकाळीच घरातून निघालेल्या माणसासारखा. "ऊठ आता. बाबा वाट बघत असतील."

ओमिने उठली. वळून न बघता, ओल्या गालांनी, ती सीमेच्या दगडाकडे चालू लागली.